पिनच्या भोकाचे ०.४ मि.मी.: एका चेनसॉच्या पिस्टनच्या नोंदी

शनिवार, ६ सप्टेंबर

काकांची चेनसॉ पुन्हा बाकावर आली. ४४ मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ३२ मि.मी. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे ४८.७ सीसी. उन्हाळ्यात पिस्टन धरला होता, म्हणजे घासून सिलिंडरमध्ये अडकला होता. काकांनी दुसरीकडे बदली पिस्टन टाकून घेतला, सिलिंडर तोच ठेवला. तेव्हापासून रडगाणं एकच: "एका झटक्यात सुरू होते रे, आवाजही ठीक आहे, पण लाकडात घातली की मान टाकते."

माझ्या वहीत याच करवतीच्या गेल्या वर्षीच्या नोंदी आहेत, त्यामुळे तुलनेला आधार मिळाला. तेव्हा कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर जाताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, १५५ पीएसआय होतं आणि ३० सें.मी. जाडीच्या ओंडक्याचा एक काप १४ सेकंदांत झाला होता. आज चेनला ताजी धार लावून, तशाच लाकडावर, तेवढ्याच जाडीला १८ सेकंद लागले. कॉम्प्रेशन १३२.

पिस्टनभोवतीच्या रिंगा गळतात का ते पाहायला प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब टाकून पुन्हा मोजलं. १३६. रिंगेची गळती असती तर आकडा चांगलाच उसळला असता. म्हणजे दाब कुठून निसटत नाहीये, मुळात तेवढा तयारच होत नाहीये. आज एवढंच.

रविवार, ७ सप्टेंबर

उघडण्याआधी क्रँककेसची, म्हणजे पिस्टनखालच्या बंद खोक्याची, दाब-चाचणी घेतली. एक्झॉस्ट आणि कार्बुरेटरची तोंडं बंद करून ०.५ बार हवा भरली. काटा बघता बघता खाली आला. साबणाचं पाणी लावलं, तर कार्बुरेटर आणि सिलिंडर जोडणाऱ्या रबरी नळीच्या घडीतून बारीक बुडबुडे. घडी उलगडून पाहिली तेव्हा नखाएवढी चीर दिसली.

पहिला पिस्टन कशाने मेला ते इथे कळलं. काकांनी तो फेकला नव्हता, कागदात गुंडाळून ठेवला होता. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला, माथ्याच्या कडेपासून स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) अर्ध्यापर्यंत. इनटेकची बाजू जवळजवळ कोरी. तेल न घातलेलं पेट्रोल गेलं असतं तर पिस्टन चारही बाजूंनी सोलला असता. फिल्टरमधून धूळ गेली असती तर इनटेकच्या बाजूला मळकट घासल्याच्या खुणा आल्या असत्या. फक्त एक्झॉस्टची बाजू जळते तेव्हा बहुतेक वेळा मिश्रण लीन झालेलं असतं. चिरेतून जादा हवा आत शिरली, इंधन कमी पडलं आणि त्याबरोबर तेलही कमी पडलं. सगळ्यात गरम बाजूला तेलाचा थर आधी तुटला.

ही चीर नवा पिस्टन टाकताना कुणी पाहिली नाही, याचं मला वाईट वाटतं. नवा पिस्टनही त्याच वाटेने चालला होता. पण कॉम्प्रेशन पडण्याशी या चिरेचा संबंध नाही, ते कारण वेगळं शोधायला हवं. नळी मागवली.

बुधवार, १० सप्टेंबर

सिलिंडर काढला. बोअरला एक्झॉस्टच्या खिडकीखाली ॲल्युमिनियमचे दोन पट्टे अजून चिकटलेले. नखाला खडबडीत लागतात. पहिल्या पिस्टनचंच हे अंग, आणि त्यावरच नवा पिस्टन घासत होता.

कापसाच्या बोळ्याने हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या पट्ट्यांवर लावलं. फेस आला, करडा-काळा झाला, पुसला, परत लावलं. चौथ्या वेळेला फसफसणं थांबलं, म्हणजे ॲल्युमिनियम संपलं आणि खालचा थर लागला. या सिलिंडरला आतून निकेलचा मुलामा आहे आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण आहेत. माले कंपनीने १९६७ मध्ये मुळात व्हँकेल इंजिनासाठी काढलेला निकासिल म्हणजे हाच प्रकार. ॲसिड त्याला पटकन काही करत नाही, पण पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीच्या) कडेला उघडं ॲल्युमिनियम असतं, ते खातं. म्हणून हात आवरता घ्यायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचं. मुलामा शाबूत आहे. नख आता कुठेच अडत नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

आज दोन्ही पिस्टन शेजारी शेजारी ठेवून मोजले.

आधी एकूण लांबी. मूळ ३६.० मि.मी., बदली ३६.० मि.मी. व्यास, रिंगेचे खाचे, पिनची (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या दांडीची) जाडी, सगळं जुळतं. डब्यावर "याच मॉडेलसाठी" लिहिलेलं, आणि इथवर पाहिलं तर ते खरंच वाटतं.

मग पिन घालून माथ्याच्या कडेपासून पिनच्या वरच्या अंगापर्यंत मोजलं. मूळ: १५.० मि.मी. बदली: १४.६. तीनदा मोजलं, पिन फिरवून मोजलं. तेच. पिन १० मि.मी. जाडीची, तेव्हा माथ्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मूळ पिस्टनमध्ये २०.०, बदलीत १९.६.

भोक ०.४ मि.मी. वर पाडलंय. कनेक्टिंग रॉड पिनला धरतो. त्यामुळे भोक वर गेलं की बाकीचा अख्खा पिस्टन तेवढाच खाली बसतो, माथाही खाली आणि स्कर्टची कडही खाली.

चार-स्ट्रोक इंजिनात याने कॉम्प्रेशन थोडं कमी झालं असतं, बस. या करवतीसारख्या दोन-स्ट्रोकमध्ये मात्र पिस्टन हाच व्हॉल्व्ह. एक्झॉस्ट आणि ट्रान्सफरची (क्रँककेसमधलं ताजं मिश्रण वर आणणारी) पोर्टं माथ्याची कड उघडते-मिटते, इनटेकचं पोर्ट स्कर्टची खालची कड. चार-स्ट्रोकमध्ये जे काम कॅमशाफ्ट, पुशरॉड, स्प्रिंगा मिळून करतात ते इथे धातूच्या एका टोपीच्या दोन कडा करतात. भोक सरकवणं म्हणजे नकळत कॅमशाफ्ट बदलणं.

ज्वलनकक्षाचं घनफळ: पिस्टन टीडीसीला, म्हणजे धावेच्या सगळ्यात वरच्या टोकाला, ठेवून, कडेला ग्रीस भरून, इंजेक्शनच्या सिरिंजने प्लगच्या भोकातून तेल भरून मोजलं. मूळ पिस्टनने ५.० सीसी, बदलीने ५.६. हिशेबही तेच सांगतो: ४४ मि.मी. व्यासाचं क्षेत्रफळ १५.२ चौ. सें.मी., गुणिले ०.०४ सें.मी., म्हणजे ०.६ सीसी. एवढासा थेंब. पण एक्झॉस्ट मिटल्यावर वर कोंडलेली जागा सुमारे ३७.८ सीसी आहे. ती ५.० मध्ये दाबली तर गुणोत्तर ७.६ येतं, ५.६ मध्ये दाबली तर ६.७५. १५५ चे १३२ का झाले त्याचं उत्तर हेच.

वजनही केलं, पिन, रिंगा आणि पिन जागी धरणाऱ्या सर्क्लिपांसकट. मूळ ४६ ग्रॅम, बदली ५१.

शनिवार, १३ सप्टेंबर, रात्री

पाच ग्रॅम डोक्यातून जाईनात, म्हणून हिशेब केला. बिनलोडावर ही करवत मिनिटाला १३,५०० फेऱ्यांवर फिरते. अर्धा स्ट्रोक १६ मि.मी., रॉडची लांबी ५६ मि.मी. टीडीसीला पिस्टन उलटा फिरताना त्वरण येतं सुमारे ४१,००० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाच्या चार हजार पटींहून जास्त. ४६ ग्रॅमचा पिस्टन तेव्हा १९० किलो वजनाइतक्या जोराने रॉडला ओढतो. पाच ग्रॅम वाढले की त्यात आणखी २० किलोंची भर, सेकंदाला २२५ वेळा. क्रँकचं प्रतिवजन मूळ पिस्टनच्या हिशेबाने घडवलेलं आहे. काकांनी मुठीत मुंग्या येतात म्हटलं होतं ते मी चेनवर ढकललं होतं. ते चुकलंच.

रविवार, १४ सप्टेंबर

अंशांची चकती क्रँकला लावून दोन्ही पिस्टनांचे पोर्ट-टायमिंग घेतलं. जुन्या पिस्टनची रिंग काढून, तेल लावून, हाताने सावकाश फिरवला, म्हणजे बोअरला धोका नाही. टीडीसी नजरेने धरायची नाही. प्लगच्या भोकात अडसर घालून दोन्हीकडून टेकवायचं आणि मधला अंश घ्यायचा.

मूळ पिस्टन: टीडीसीनंतर १०२ अंशांवर एक्झॉस्ट उघडतो, १२१ वर ट्रान्सफर. मधले १९ अंश जळका वायू दाब सोडायला मिळतात. इनटेक टीडीसीआधी ७८ वर उघडतो, म्हणजे एकूण १५६ अंश उघडा.

बदली पिस्टन: एक्झॉस्ट १००.५, ट्रान्सफर ११९, इनटेक ७६.५, एकूण १५३.

म्हणजे जोर देणारा वायू दीड अंश आधीच बाहेर सुटतो आणि श्वास घ्यायला तीन अंश कमी मिळतात. माझ्या मते इथलं नुकसान थोडं आहे, मोठा घाव कॉम्प्रेशनवरच आहे. पण तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात, आणि करवतीला जोर लागतो तो ९,००० ते १०,००० फेऱ्यांवर, चेन लाकडात रुतलेली असताना. तिथेच ही मान टाकते.

शनिवार, २० सप्टेंबर

स्क्विश, म्हणजे टीडीसीला माथ्याची कड आणि हेड यांच्यात उरणारी फट, मोजला. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार पिनच्या रेषेत बोअरच्या भिंतीला टेकवली, पिस्टन टीडीसीवरून पलीकडे नेला, तार काढून चेपलेलं टोक मोजलं. दोन्ही बाजूंना १.३ मि.मी. मूळ पिस्टनने ०.९ होता.

ही कडेची पट्टी मी फार मानतो. माथ्याची कड हेडच्या कडेजवळ येते तेव्हा तिथलं मिश्रण चिमटीत सापडल्यासारखं मध्याकडे फेकलं जातं, ढवळलं जातं, ज्वाला झपाट्याने पसरते. कडेला उरलेला पातळ थर दोन्हीकडच्या धातूमुळे थंड राहतो, आपोआप पेटून ठोके देत नाही. फट १.३ झाली की चिमटा सैल पडतो आणि कडेचं मिश्रण नुसतं बसून राहतं.

उपाय काय? दुसरा पिस्टन मागवणं हा एक. पण तोही बदलीच मिळणार आणि त्याचं भोक कुठे असेल ते हातात आल्यावरच कळणार. माथ्याची कड लेथवर उतरवून मध्य उंच ठेवायचा, ज्याला पॉप-अप म्हणतात, ती युक्ती कॉम्प्रेशन वाढवायला चालते. पण त्यात सिलिंडर बराच खाली आणावा लागतो आणि पोर्टं पुन्हा कोरावी लागतात. इथे त्याची गरज नाही.

इथे सरळ वाट आहे. सिलिंडरखालची गॅस्केट ०.५ मि.मी.ची आहे. ती काढून इंधन आणि उष्णता सोसणाऱ्या सीलंटचा पातळ थर दिला तर सिलिंडर ०.४५ खाली येतो. अख्खा पिस्टन ०.४ खाली बसलाय, आता सिलिंडरही जवळजवळ तेवढाच खाली. एक्झॉस्ट, ट्रान्सफर, इनटेक, स्क्विश, चौघंही एकाच वेळी मूळ जागी येतात. एरवी गॅस्केट काढली की एक्झॉस्ट उशिरा उघडतो आणि इनटेक जास्त वेळ उघडा राहतो, म्हणजे एक साधताना दुसरं बिघडतं. इथे चूकच अशी झालीय की तिची भरपाई एका कागदाच्या जाडीत बसते. हे चकतीवर दिसलं तेव्हा फार बरं वाटलं.

एक सावधगिरी. स्क्विश ०.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. रॉड ताणला जातो, बेअरिंगमध्ये मोकळीक असते, पिस्टन तापून वाढतो, आणि माथा हेडला लागला तर सगळं संपलं. आपला हिशेब ०.८५ येतो. भरपूर जागा आहे.

रविवार, २१ सप्टेंबर

स्कर्टकडे वळलो.

बदली पिस्टनच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या मूळच्यापेक्षा लहान आहेत आणि त्यांच्या कडांना साच्याची पात तशीच राहिलीय. या खिडक्यांतून ताजं मिश्रण ट्रान्सफरच्या तोंडाकडे जातं आणि जाता जाता माथ्याची खालची बाजू आणि पिनचं सुई-बेअरिंग थंड करतं. दोन-स्ट्रोकमध्ये दर फेरीला स्फोट होतो, माथ्याला एक रिकामा स्ट्रोकही विसावा नाही, म्हणून खालून मिळणारा हा गारवा मोलाचा. पात बारीक कानशीने काढली, कडा गोल केल्या. वजन जेमतेम एक ग्रॅम उतरलं, ५० झालं. आणखी हलका करायला स्कर्टला भोकं पाडणारे पाहिलेत. मी नाही पाडणार. ओतीव पिस्टनमध्ये प्रत्येक भोक हे तड्याला आमंत्रण असतं.

खिडक्या मूळच्या मापाच्या कराव्यात का यावर बराच विचार केला. मोजून पाहिलं: टीडीसी ते बीडीसी (सगळ्यात खालचं टोक) या प्रवासात ट्रान्सफरचं खालचं तोंड कुठेही झाकलं जात नाही. मग हात लावला नाही. नव्या स्ट्रॅटो इंजिनांत, म्हणजे हुस्क्वर्नाच्या एक्स-टॉर्कसारख्या रचनेत, पिस्टनच्या बगलेतल्या खळग्यांतून ट्रान्सफरच्या वाटेत आधी साधी हवा भरली जाते, जेणेकरून एक्झॉस्टमधून इंधनाऐवजी ती हवा निसटावी. तिथे असा फरक खपला नसता. तिथे खळग्याचा आकारच मिश्रण ठरवतो.

मग एक्झॉस्टच्या बाजूची परीक्षा. टीडीसीला पिस्टन ठेवून एक्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारला. पोर्टच्या तळाखाली स्कर्ट अजून किती उतरलाय ते पाहायचं असतं. स्कर्ट आखूड असेल तर टीडीसीला पोर्ट खालून क्रँककेसला उघडं पडतं आणि इंजिन कार्बुरेटरऐवजी जळका धूर ओढतं. गॅस्केटविना बसवून पाहिलं: १.२ मि.मी. झाकण उरतं. पुरेसं आहे.

आकाराची मापं: स्कर्टच्या तळाशी ४३.९५, माथ्याच्या कडेला ४३.७८, पिनच्या दिशेने ४३.८०. बोअर ४४.००. खराब घडण वाटेल, पण पिस्टन असाच हवा, वर निमुळता आणि किंचित लंबगोल. माथा २०० अंशांनी तापला तर ४४ मि.मी.चं ॲल्युमिनियम ०.१७ मि.मी.च्या आसपास फुगतं, आणि पिनच्या बाजूला धातू जास्त म्हणून तिकडे जास्त वाढतं. थंडपणी वाकडा दिसणारा पिस्टन कामावर असताना गोल होतो. या बाबतीत बदली पिस्टन चांगला घडवलाय, ते मोकळेपणाने लिहून ठेवतो.

बुधवार, २४ सप्टेंबर

नळी आली. बसवली.

शनिवार, २७ सप्टेंबर

जुळणी.

मूळ पिस्टनला एकच रिंग होती, १.२ मि.मी. जाडीची. बदलीला त्याच जाडीच्या दोन. दोन रिंगांनी घर्षण थोडं वाढतं, पण माथ्याची उष्णता सिलिंडरकडे जायला दोन वाटा मिळतात. रिंग जाड नाही हे बरं. जाड रिंगेचं वजन जास्त, आणि उंच फेऱ्यांवर ती खाच्यात उचलली जाऊन फडफडते, दाब मागून निसटतो.

रिंगेची फट: प्रत्येक रिंग बोअरमध्ये पिस्टननेच सरळ ढकलून फिलर गेजने पाहिली, ०.२५ आणि ०.२५. खाच्यातल्या बारीक खुंट्या रिंगेची टोकं धरून ठेवतात, ती पोर्टच्या खिडकीसमोर येऊ देत नाहीत. म्हणूनच माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे असायलाच हवा. उलटा बसवला की टोक खिडकीत अडकून तुटतं.

सर्क्लिपांची तोंडं खाली, पिस्टनच्या धावेच्या रेषेत. आडवी ठेवली तर वर-खाली झटक्यांनी क्लिप मिटून खाचेतून सुटू शकते. बसवल्यावर प्रत्येक क्लिप चिमट्याने फिरवून पाहिली. आत मोकळी सुटलेली क्लिप बोअरवर जी नांगरणी करते ती मी एकदा पाहिलीय.

सीलंट सुकल्यावर मोजलं. स्क्विश चारही बाजूंना ०.८५. एक्झॉस्ट १०२, ट्रान्सफर १२१, इनटेक ७८. दाब ०.५ बार आणि तेवढाच निर्वात, दोन्ही टिकले. कॉम्प्रेशन १४८.

रविवार, २८ सप्टेंबर

५० ला १ मिश्रणाने सुरू केली. कार्बुरेटरचा मोठा स्क्रू मुद्दाम इंधनाकडे झुकता ठेवला, बिनलोडावर १२,५०० आणि आवाज घोगरा, मधूनच एखादा स्फोट चुकवल्यासारखा. लाकडात घातली की आवाज स्वच्छ होतो. दोन टाक्या अशाच हलक्या कापांवर काढल्या, रिंगा बसेपर्यंत.

शनिवार, ४ ऑक्टोबर

काका आले होते. त्यांच्याच हाताने कापलं. ३० सें.मी.चा ओंडका, पाच काप: १५, १४, १४, १४, १५ सेकंद. तिसऱ्या कापाला त्यांनी मुद्दाम जोर दिला, आवाज खाली आला पण बसला नाही, चेन ओढतच राहिली. "आता खाते," एवढंच म्हणाले आणि पुढचा काप घेतला.

कॉम्प्रेशन १५३.

मुठीतला कंप मात्र पूर्वीपेक्षा किंचित जास्तच आहे. मूळपेक्षा चार ग्रॅम जड, ते गॅस्केटने सुटणारं नाही. हँडलच्या रबरी बुशांपैकी एक सैल लागतंय, ते पुढच्या वेळी बदलून पाहीन.

निघण्याआधी मफलर काढून माथा पाहिला. ट्रान्सफरच्या बाजूंना इंधनाने धुतलेले दोन लख्ख पट्टे, मध्यावर कोरडा तपकिरी थर. एक्झॉस्टकडच्या स्कर्टवर एकही उभी रेघ नाही. दहा टाक्यांनी पुन्हा आणायला सांगितलंय.